मालाची वाट, निधीची वाट : कागल पंचतारांकित वसाहतीतील मालवाहतूक आणि सरकारी अनुदाने

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, पश्चिम महाराष्ट्रातील मोठ्या वसाहतींपैकी एक असून, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील लक्ष्मी टेकडीपासून आत वळणाऱ्या रस्त्याने कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी या गावांच्या शिवारांपर्यंत ती पसरलेली आहे. रांजणगाव, बुटीबोरी, शेंद्रा या वसाहतींप्रमाणेच तिच्या नावातील ‘पंचतारांकित’ हे विशेषण महामंडळाच्या प्रतवारीतून आले असून, जमीन, वीज, पाणी, रस्ते आणि दळणवळण या सोयी एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर मिळतील, हे आश्वासन त्यात गृहीत धरलेले आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा इंजिनांचा कारखाना, इंडो काउंटचा घरगुती वस्त्रांचा आणि रेमंडचा उंची सुती कापडाचा कारखाना अशी मोठी नावे येथे आहेत. त्यांच्या जोडीला फौंड्री, यंत्रकाम करणारी शॉप्स आणि जॉबवर्कवर चालणारे असंख्य लहान उद्योग आहेत. या सर्वांना जोडणारी मालवाहतूक मात्र आश्वासनातील पाच ताऱ्यांपैकी कोणत्या ताऱ्याखाली येते, याचे उत्तर महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वे आणि ग्रामपंचायती यांपैकी कोणाच्याही एका कागदावर पूर्णपणे सापडत नाही, आणि सरकारी अनुदानाच्या प्रयत्नांची खरी अडचण तेथूनच सुरू होते.

प्रश्नाचा आकार समजण्यासाठी फौंड्रीच्या दाराशी काय येते आणि तेथून काय जाते, हे पाहणे सोयीचे ठरते. कोल्हापूर जिल्ह्यात सुमारे 300 फौंड्री असल्याचे मानले जाते आणि त्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल व शहरातील जुन्या उद्यमनगर परिसरात विखुरलेल्या आहेत. ओतकामासाठी लागणारे पिग आयर्न, म्हणजे झोतभट्टीतून निघालेले कच्चे लोखंड, मुख्यतः कर्नाटकातील होस्पेट-कोप्पळ पट्ट्यातून आणि गोव्यातून येते. भंगार लोखंड निरनिराळ्या शहरांतून येते. साच्यांसाठी लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरातून घाट चढून येते. तयार कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, पुणे, चाकण, बंगळूर, चेन्नई येथील वाहन व यंत्र उत्पादकांकडे आणि निर्यातीचा माल सुमारे चारशे किलोमीटरवरील न्हावा-शेवा बंदराकडे जातो. एक टन ओतकामासाठी साच्यांमध्ये साधारण चार ते पाच टन वाळू फिरत असते, तिच्यातील काही भाग दरवेळी निकामी होतो, तो टाकून द्यावा लागतो आणि तेवढी नवी वाळू आणावी लागते. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टनामागे न विकल्या जाणाऱ्या मालाच्याही खेपा रस्त्यावर असतात. वजनाने जड आणि किमतीने तुलनेने हलका असा हा माल असल्याने भाड्यातील थोडासा फरकही नफ्याचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

निर्यातदारांची अडचण आणखी वेगळी आहे. या भागात परदेशातून थेट उतरणारा आयातीचा माल कमी असल्यामुळे भरून आलेला आणि येथे रिकामा झालेला कंटेनर सहसा हाताशी नसतो. तो बंदराच्या बाजूने रिकामाच आणावा लागतो आणि एकेरी मालासाठी दुहेरी भाडे मोजावे लागते. कारखान्यातच कंटेनर भरून इलेक्ट्रॉनिक मोहोर लावण्याची सोय 2017 पासून मिळाल्यामुळे सीमाशुल्काची एक पायरी सोपी झाली, परंतु रिकाम्या फेरीचा प्रश्न मोहोर लावून सुटणारा नाही. त्यासाठी रिकामे कंटेनर साठवणारे आणि वेगवेगळ्या कारखान्यांचा माल एकत्र करणारे सामायिक आवार लागते.

या सर्व व्यवहारातील एक खर्च कोणाच्याही हिशेबवहीत नीट नोंदला जात नाही, आणि तो म्हणजे थांबण्याचा खर्च. माल उतरवून घेण्यासाठी, वजनकाट्यावर नंबर येण्यासाठी, कागदपत्रे तयार होण्यासाठी किंवा परतीचे भाडे मिळण्यासाठी लॉरी तासन्‌तास उभी राहते. सुसज्ज वाहनतळ हाताशी नसल्यास ती रस्त्याच्या कडेला, चौकाच्या तोंडाशी किंवा एखाद्या बंद कारखान्याच्या कुंपणालगत उभी राहते, आणि चालक व क्लीनर तिच्याच सावलीत स्टोव्ह पेटवतात. या काळाचा भुर्दंड लॉरीमालक सोसतो, उभ्या वाहनांमुळे होणाऱ्या अपघातांचा भुर्दंड दुचाकीवरून कामावर येणारा कामगार सोसतो, आणि कारखानदाराच्या ताळेबंदात केवळ ठरलेले भाडे दिसते. माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, म्हणजे स्थानिक बोलीतील ‘वाराई’, ही लॉरीचालकाकडून वसूल करण्याची प्रथा कोल्हापूर भागात दीर्घकाळ वादाचा विषय राहिली असून, ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही लॉरीमालकांची घोषणा याच असंतोषातून आली. ही घोषणा केवळ मजुरीपुरती वाचली जाते, पण तिच्यात एक अर्थशास्त्रीय मुद्दा दडलेला आहे : ज्या खर्चाचा धनी ठरलेला नाही, तो खर्च कमी करण्यासाठी कोणी अर्ज करीत नाही. अनुदानाच्या प्रस्तावात थांब्याचे तास दाखवता न येण्याचे कारण हेच आहे.

भूगोलाने या अडचणीत मोठी भर घातली आहे. वसाहत पंचगंगेच्या दक्षिणेस आहे. मुंबई-पुण्याकडे जाणारा प्रत्येक ट्रक शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो, तर कर्नाटकाकडे जाणाऱ्या ट्रकला कागलच्या पुढे दूधगंगा आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगा ओलांडावी लागते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक जवळपास आठवडाभर ठप्प झाली, हजारो ट्रक दोन्ही बाजूंना अडकून पडले आणि जुलै 2021 मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. दोन्ही वेळा यमगर्णीकडील बाजूही पाण्याने अडवली. अशा दिवसांत वसाहत दोन नद्यांच्या मध्ये अडकलेले बेट होते. पश्चिमेकडील घाटांची अवस्था निराळी, पण परिणाम सारखाच आहे : रुंदीकरणासाठी 2024 च्या आरंभी करूळ घाट बंद झाला आणि कोकणातून येणाऱ्या अवजड वाहनांना जवळपास वर्षभर फोंडा किंवा त्याहून लांबचे वळसे घ्यावे लागले. वेळेवर माल देण्याच्या करारांवर चालणाऱ्या वाहन उद्योगात असा एक आठवडादेखील पुरवठादाराची विश्वासार्हता डळमळीत करण्यास पुरेसा ठरतो, आणि लहान फौंड्रीला ती परत मिळवण्यास वर्षे लागतात.

मालाच्या वाटेसाठी सरकारी तिजोरीतून पैसा घालण्याची कल्पना या भूमीला नवीन नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गाच्या कामाचा आरंभ 1888 मध्ये झाला आणि 1891 मध्ये त्यावरून गाडी धावली. हा मार्ग कोल्हापूर दरबारच्या मालकीचा होता, म्हणजे त्याचा भांडवली खर्च संस्थानाने उचलला आणि चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे दिले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी, जे मूळचे कागलच्याच घाटगे घराण्यातील, 1895 मध्ये स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला रेल्वेचे दार मिळाले. 1917 मध्ये त्याच मार्गावर जयसिंगपूर उभे राहिले. रूळ, स्थानक, पेठ आणि गोदामे यांचा एकत्रित विचार करणारी ही पद्धत आजच्या परिभाषेत ‘बहुविध वाहतूक केंद्र’ म्हणून ओळखली जाते, पण त्या वेळी तिला वेगळ्या नावाची गरज भासली नाही, कारण जमीन, पैसा आणि निर्णय एकाच हाती होते. मीटरगेजचा हा मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, त्यानंतर विद्युतीकरणही झाले. मात्र रेल्वेने येणाऱ्या मालाचे प्रमुख आवार कोल्हापुरातील गूळ मार्केट येथेच राहिले, आणि औद्योगिक वसाहती महामार्गाच्या कडेने वाढत गेल्या.

आज पैसा, जमीन आणि निर्णय तीन ठिकाणी आहेत, आणि त्यांना जोडण्याचे साधन म्हणजे योजना. केंद्र सरकारने 13 ऑक्टोबर 2021 रोजी पंतप्रधान गतिशक्ती राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, ज्यात रस्ते, रेल्वे, बंदरे, वीजवाहिन्या यांचे नकाशे एकाच संगणकीय पटलावर आणून प्रकल्पांची आखणी करण्याचा हेतू आहे; त्यानंतर 17 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आले. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये स्वतःचे लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले आणि त्यात राज्यभर विविध आकारांची मालवाहतूक केंद्रे प्रस्तावित केली. त्यांतील प्रत्येकी 300 एकरांच्या प्रादेशिक केंद्रांच्या यादीत कोल्हापूर-इचलकरंजी हे नाव आहे. लॉजिस्टिक्स म्हणजे केवळ वाहतूक नव्हे, तर साठवण, हाताळणी, वेष्टन, कागदपत्रे आणि माहितीचा प्रवाह यांसह मालाची संपूर्ण हालचाल, ही व्याख्या या धोरणांमुळे सरकारी भाषेत स्थिरावली, हा त्यांचा लाभच मानावा लागेल. तथापि धोरणातील नाव आणि अर्थसंकल्पातील तरतूद यांत अंतर असते, आणि तरतूद व प्रत्यक्ष काम यांतील अंतर त्याहून मोठे असते, याची उदाहरणे शेजारीच आहेत. सांगली जिल्ह्यातील रांजणी येथे कोरडे बंदर, म्हणजे समुद्रापासून दूर असलेले पण सीमाशुल्काच्या सोयींसह चालणारे कंटेनर केंद्र, उभारण्याची घोषणा झाली होती. त्या घोषणेपासून प्रत्यक्ष कामापर्यंतचे अंतर पाहिले, तर कोल्हापूरकरांनी 300 एकरांच्या आकड्यावर लगेच गुढी उभारू नये, हे बरे.

प्रत्यक्ष अनुदान देणाऱ्या योजनांकडे वळले, तर त्यांची रचना मालवाहतुकीला आडवळणानेच आत घेते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राचा जो समूह विकास कार्यक्रम आहे, त्याच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामायिक सुविधा केंद्राला 5 ते 10 कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी 70 टक्के आणि 10 ते 30 कोटींच्या प्रकल्पासाठी 60 टक्क्यांपर्यंत केंद्रीय अनुदान मिळू शकते, तर अस्तित्वात असलेल्या औद्योगिक वसाहतीतील रस्ते, निचरा, वीज, पाणी यांच्या सुधारणेसाठी 5 ते 10 कोटींच्या प्रकल्पाला 50 टक्क्यांपर्यंत साहाय्य आहे. निर्यातीसाठीच्या पायाभूत सुविधांकरिता 2017 मध्ये आलेल्या ‘टाइज’ योजनेत अनुदानाची कमाल मर्यादा 20 कोटी रुपये होती. राज्यांना भांडवली गुंतवणुकीसाठी 50 वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देणारी केंद्राची योजनाही 2020-21 पासून चालू आहे; ते तांत्रिकदृष्ट्या अनुदान नसले, तरी इतक्या लांब मुदतीमुळे व्यवहारात त्याच्या जवळ जाते. या सर्व योजनांची तोंडे एकतर कुंपणाच्या आत आहेत किंवा राष्ट्रीय महामार्ग आणि बंदरे यांसारख्या मोठ्या वाहिन्यांकडे आहेत. वसाहतीच्या फाटकापासून महामार्ग, रेल्वेचे आवार आणि शेजारची गावे यांपर्यंतचे जे मधले दहा-वीस किलोमीटर, तेथे लॉरीचा बराच वेळ खर्च होतो आणि तेच योजनांच्या नकाशावर पोरके राहतात.

आडवळणाने आत येण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरच्याच फौंड्री उद्योगाने घालून दिले आहे. केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने 2003 मध्ये औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नयन योजना आणली, जिच्यात प्रकल्पखर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, आरंभी 50 कोटींच्या मर्यादेत, अनुदान होते आणि उद्योजकांनी स्थापन केलेल्या विशेष उद्देश कंपनीने, म्हणजे केवळ त्या प्रकल्पासाठी नोंदवलेल्या स्वतंत्र कंपनीने, तो राबवायचा होता. कोल्हापूरच्या फौंड्री समूहाला या योजनेतून साहाय्य मिळाले आणि वापरलेल्या वाळूचे शुद्धीकरण करून ती पुन्हा साच्यासाठी वापरता येईल, अशी सामायिक सुविधा हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. सरकारी वर्गीकरणात हा पर्यावरणाचा किंवा तंत्रज्ञानाचा प्रकल्प ठरतो. परंतु पुन्हा वापरात आलेली प्रत्येक टन वाळू ही कोकणातून घाट चढून येणारी एक टन नवी वाळू आणि टाकून देण्यासाठी बाहेर जाणारी एक टन जुनी वाळू, अशा दोन वाहतुकी वाचवते. वाहतूक सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जी खेप करावीच लागू नये ती टाळणे, हे तत्त्व त्या प्रकल्पात अनायास साधले गेले, आणि पुढील प्रस्ताव लिहिताना त्या वाचलेल्या खेपांचा उल्लेख अभावानेच केला जातो, ही नवलाची गोष्ट आहे.

ब्रिटनने हीच मोजणी अनुदानाचा पाया केली होती. तेथील 1974 च्या रेल्वे कायद्याच्या आठव्या कलमाने मालवाहतुकीसाठी खासगी साइडिंग, म्हणजे कारखान्याला मुख्य रुळांशी जोडणारा फाटा, आणि माल चढवण्या-उतरवण्याची यंत्रे उभारणाऱ्या उद्योगांना अनुदान देण्याची सोय केली, आणि त्याचे समर्थन असे होते की रेल्वेकडे वळलेल्या मालामुळे रस्त्यावरील लॉऱ्यांची वर्दळ, आवाज आणि धूर जेवढा कमी होईल, तेवढ्या सार्वजनिक लाभाची किंमत सरकारने द्यावी. अर्जदाराला किती लॉऱ्यांचे किती मैल वाचणार, हे सिद्ध करावे लागत असे. अमेरिकेतही मालवाहतुकीच्या केंद्रीय स्पर्धात्मक अनुदानांसाठी अर्ज करणाऱ्या संस्थेला लाभ-खर्च विश्लेषण जोडावे लागते. अनुदान ही कृपा नसून मोजून घेतलेल्या सार्वजनिक लाभाचा मोबदला आहे, हा दृष्टिकोन आपल्याकडील निवेदनांच्या भाषेत अद्याप रुजलेला नाही. मंत्र्यांच्या दौऱ्यात हार घालून हाती दिलेल्या निवेदनात ‘उद्योगांची गैरसोय होत आहे’ हे वाक्य असते, पण रोज किती वाहने, किती टन, किती तास, हा तक्ता सहसा नसतो.

मोजणीचे महत्त्व राष्ट्रीय पातळीवरही दिसून आले. भारतातील लॉजिस्टिक्सचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 13 ते 14 टक्के आहे, हा आकडा वर्षानुवर्षे भाषणांत फिरत राहिला. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने शासनासाठी पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा 2023-24 साठी तो सुमारे 7.97 टक्के निघाला. त्याच अभ्यासात लहान उद्योगांवर या खर्चाचा बोजा मोठ्यांपेक्षा बराच अधिक असल्याचेही दिसले, आणि कागलसारख्या वसाहतीच्या दृष्टीने सरासरीपेक्षा हाच निष्कर्ष कामाचा आहे.

रस्त्यांच्या बाबतीत मोजणी काय सांगू शकते, याचे एक गणित येथे मांडण्याजोगे आहे. जुलै 2018 मध्ये केंद्राने मालवाहू वाहनांच्या आसांवरील, म्हणजे ॲक्सलवरील, अनुज्ञेय भार वाढवला आणि चार टायरांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर गेली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1950 च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रस्ता-चाचण्यांपासून अभियंते असे मानत आले आहेत की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. या नियमाने भार जेमतेम 13 टक्क्यांनी वाढला, तरी त्या आसाकडून होणारी झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. लॉरीमालकाला एका खेपेत अधिक माल नेता आला, उद्योगाला प्रतिटन भाडे थोडे कमी पडले, आणि जुन्या भारासाठी बांधलेल्या अंतर्गत व जोडरस्त्यांच्या दुरुस्तीचा वाढीव खर्च ज्या संस्थांवर पडला, त्यांना त्याबद्दल वेगळा निधी मिळाला नाही. वसाहतीतील खड्ड्यांबद्दल ठेकेदाराला दोष देणे सोपे आहे आणि अनेकदा ते रास्तही असते. परंतु जाडी वाढवून काँक्रिटीकरण करण्याचा प्रस्ताव या गणितासह गेला, तर तो तक्रार न राहता अभियांत्रिकी गरज ठरतो.

रेल्वेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असून त्याबद्दल कोल्हापुरात भावनेचा भरही अधिक आहे. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे 107 किलोमीटरचा, कोकण रेल्वेला जोडणारा मार्ग 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात समाविष्ट झाला, त्याचा अंदाजित खर्च तीन हजार कोटी रुपयांच्या वर आहे आणि त्यातील निम्मा वाटा राज्याने उचलणे अपेक्षित आहे. हातकणंगले-इचलकरंजी हा जेमतेम आठ किलोमीटरचा फाटाही घोषित झाला होता. या मागण्या रास्त आहेत. तथापि सह्याद्री ओलांडणारा मार्ग पूर्ण होईपर्यंत आज चालू असलेल्या फौंड्रींच्या मालकांची पुढची पिढी गादीवर बसलेली असेल, आणि तोवर उपलब्ध रुळांचा उपयोग वाढवण्याचा विचार बाजूला पडतो, ही त्या मागणीची अदृश्य किंमत आहे.

उपलब्ध रुळांवरील मुख्य अडसर आकाराचा आहे. रेल्वे माल घेते तो प्रामुख्याने रेकने, म्हणजे एका संपूर्ण मालगाडीने. उघड्या वाघिणींच्या एका रेकमध्ये सुमारे 3,700 टन माल बसतो, जो 25 टनांच्या दीडशेच्या आसपास ट्रकांइतका होतो. एकेकट्या लहान फौंड्रीला एवढे पिग आयर्न एका वेळी विकत घेणे, साठवणे आणि त्यात भांडवल अडकवणे शक्य नाही. पन्नास फौंड्रींनी मिळून कच्च्या मालाचे सामायिक कोठार काढले, तर ते शक्य होते, आणि गंमत अशी की समूह विकास कार्यक्रमात वाहतुकीच्या नावाने सहजी न मिळणारे साहाय्य ‘कच्च्या मालाचे कोठार’ या नावाने मागता येते. डिसेंबर 2021 मधील गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाने खासगी गुंतवणूकदाराला रेल्वेलगत माल हाताळणीचे केंद्र काढणे सुलभ केले, आणि सप्टेंबर 2022 मध्ये मालवाहतुकीसाठी रेल्वेच्या जमिनीचे वार्षिक शुल्क जमीनमूल्याच्या 6 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आणून मुदत 35 वर्षांपर्यंत वाढवली गेली. कोठार आणि टर्मिनल या दोन कागदांची सांगड घालणारा प्रस्ताव हातकणंगले किंवा गूळ मार्केटच्या आवारासाठी मांडता येण्याजोगा आहे. त्याची दुबळी बाजूही मान्य केली पाहिजे : कोप्पळ ते कोल्हापूर हे अंतर रेल्वेच्या दृष्टीने कमी आहे, स्थानकापासून फौंड्रीपर्यंत पुन्हा ट्रक लागतोच, प्रत्येक चढ-उतारीला हमाली पडते, आणि हातकणंगले स्थानक पंचगंगेच्या पलीकडे असल्याने पुराच्या दिवसांत तेथील साठा कागलला मिळेलच असे नाही. प्रस्तावित 300 एकरांचे प्रादेशिक केंद्र नदीच्या कोणत्या तीरावर असावे, हा प्रश्न म्हणूनच स्थानिक अस्मितेपेक्षा पूररेषेच्या नकाशावर सोडवला गेला पाहिजे.

अनुदान हे पूर्ण किंमत देत नाही, उरलेला वाटा कोणी द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक प्रस्तावात शेवटी येतोच, आणि कोल्हापुरात तो विशेष नाजूक आहे. शहरांतर्गत एकात्मिक रस्ते प्रकल्पाच्या टोलविरुद्ध येथे एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ आंदोलन झाले आणि डिसेंबर 2015 मध्ये शासनाला तो टोल रद्द करावा लागला. वापरकर्त्याकडून शुल्क घेऊन सुविधा चालवण्याच्या कोणत्याही कल्पनेकडे हा जिल्हा तेव्हापासून संशयाने पाहतो. पण ट्रक टर्मिनल, म्हणजे वाहनतळासह विश्रांतीगृह, स्वच्छतागृह, वजनकाटा, दुरुस्ती आणि भाडे नोंदणीची सोय असलेले आवार, हे बांधून ठेवले आणि चालवायला पैसा नसला, तर दोन पावसाळ्यांत तेथे गवत उगवते. त्यासाठीचे शुल्क माल पाठवणाऱ्याने भरायचे, मालकाने की चालकाने, हे आधी ठरले नाही, तर वाराईचा वाद नव्या इमारतीत स्थलांतरित होईल, एवढेच.

विशेष उद्देश कंपनी स्थापन करणे हे आणखी एक वळण. समूह विकास कार्यक्रमात एका सभासदाकडे भांडवलाचा दहा टक्क्यांहून अधिक वाटा असू नये, असा दंडक आहे. तो योग्य आहे, कारण त्यामुळे सार्वजनिक पैशातून एका घराण्याचा कारखाना उभा राहत नाही. मात्र त्यामुळेच अनेक लहान मालकांनी एकत्र येऊन स्वतःचे पैसे आधी गुंतवणे, जमीन कंपनीच्या नावावर किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घेणे, समूहाचा निदान-अभ्यास आणि त्यानंतर विस्तृत प्रकल्प अहवाल तयार करणे, जिल्हा उद्योग केंद्रापासून दिल्लीतील समितीपर्यंतच्या पायऱ्या चढणे आणि या सर्व काळात उत्साह टिकवणे आवश्यक ठरते. कोल्हापुरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ आणि कागलची ‘मॅक’ अशा जागरूक संघटना आहेत. वीजदराच्या प्रश्नावर 2013 च्या सुमारास त्यांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा देण्याइतकी एकजूट दाखवली होती. विरोधासाठी जमलेली ती एकजूट भागभांडवल गोळा करण्यासाठीही जमली पाहिजे, आणि तिच्यात लॉरीमालकांच्या संघटनेला निमंत्रित म्हणून न बोलावता भागीदार म्हणून घेतले पाहिजे, कारण थांब्याच्या तासांची माहिती त्यांच्याच चालकांकडे आहे.

प्राधान्यक्रमाबद्दल बोलायचे तर कागलसाठी पहिला अर्ज ट्रक टर्मिनल आणि जोडरस्त्यांचा, दुसरा कच्च्या मालाच्या कोठाराचा आणि तिसरा रेल्वे टर्मिनलचा असावा. महापुरातील महामार्गाची उंची आणि घाटरस्ते हे विषय राज्य व केंद्राच्या थेट खर्चाचे असल्याने ते अनुदानाच्या अर्जांत मिसळू नयेत. या तिन्ही अर्जांना लागणारी माहिती एकच आहे : वसाहतीत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या वाहनांची संख्या, वजन, मालाचा प्रकार, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, उभे राहण्याचा वेळ आणि रिकाम्या फेऱ्यांचे प्रमाण. ई-वे बिल, वजनकाट्याच्या पावत्या आणि फाटकावरील नोंदवह्या यांत तिचा मोठा भाग आजच पडून आहे. चारही उद्योजक संघटना, लॉरीमालक आणि शिवाजी विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी मिळून उसाच्या हंगामातील एक आणि पावसाळ्यातील एक अशी दोन आठवड्यांची मोजणी लक्ष्मी टेकडीच्या वळणावर आणि हुपरीकडील तोंडावर करावी, आणि लॉजिस्टिक्स धोरणातील प्रादेशिक केंद्राची जागा कागदावर पक्की होण्याआधी तो तक्ता जिल्हाधिकारी व एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात दाखल करावा.